पिस्तुलाचा ट्रिगर हलका करायचाय? आधी स्प्रिंग समजून घ्या

माझा मावसभाऊ लालबागला राहतो आणि 10 मीटर एअर पिस्तूल शिकतो. त्याच्या सरावाच्या पिस्तुलाचा ट्रिगर फारच जड होता. एक दिवस म्हणाला, "दादा, नागदेवीला कुठलीही स्प्रिंग मिळते. हलकी टाकूया का?"

ट्रिगर सुटेपर्यंत बोटाने लावावा लागणारा जोर म्हणजे ट्रिगर पूल. तो ग्रॅममध्ये मोजतात. आयएसएसएफच्या नियमांनुसार 10 मीटर एअर पिस्तुलात तो किमान 500 ग्रॅम हवा. राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं त्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात किमान 1000 ग्रॅम. म्हणजे हवा तितका हलका करता येतच नाही.

आता स्प्रिंग. कडकपणा मुख्यतः तारेच्या जाडीवर ठरतो, आणि तोही जाडीच्या चौथ्या घातात. 0.50 मिमीऐवजी 0.55 मिमी तार आली, बाकी सगळं तेच, तरी स्प्रिंग जवळपास 46 टक्के कडक होते! नुसत्या नजरेने हा फरक कळणारच नाही, त्यामुळे "दिसायला सेम" स्प्रिंग घेऊ नका. वेढे कापायचा जुगाडही नको. 10 पैकी 2 वेढे कापले की लांबी कमी होऊन सुरुवातीचा दाब उतरतो, पण उरलेली स्प्रिंग सव्वापट कडक होते. ट्रिगर आधी ढिला आणि मग एकदम जड लागतो.

शिवाय आत स्प्रिंग एकच नसते. ट्रिगर परत पुढे आणणारी वेगळी, सीअरची (हॅमरला अडवून धरणारा खटका) वेगळी, हॅमरची वेगळी. सीअरची स्प्रिंग जास्त मऊ झाली तर नुसत्या धक्क्यानेही पिस्तूल सुटू शकतं, हे खरंच धोकादायक आहे. हॅमरची बदलली तर हवेच्या व्हॉल्व्हवर बसणारा फटका बदलतो, आणि छऱ्याचा वेगही. म्हणून पिस्तूल रिकामं करून आधी ॲडजस्टमेंट स्क्रू फिरवून बघा. तेवढ्याने भागलं नाही तरच कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेली ट्रिगर स्प्रिंग, तीही जाणकाराकडून. गोळी झाडणाऱ्या खऱ्या पिस्तुलाला तर हातच लावू नका. शस्त्र कायदा 1959 प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो.

आम्ही कंपनीचीच स्प्रिंग टाकली, सामानाच्या काट्याने मोजलं, 510 ग्रॅम. खूश! स्पर्धेच्या तपासणीत मात्र नळी उभी धरून ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन लावलं, आणि वजन उचललं जायच्या आधीच ट्रिगर सुटला. चूक आमचीच. आम्ही हुक ट्रिगरच्या वरच्या टोकाला, खिळीजवळ लावला होता. तरफेचा नियम, शाळेतलाच: खिळीजवळ जोर जास्त लागतो, म्हणून काटा जास्त दाखवत होता. नशीब, हे स्पर्धेआधी कळलं. नंतरच्या तपासणीत असं झालं तर थेट बाद करतात.

त्याने तिथेच स्क्रू थोडा आवळला. आता ट्रिगरच्या मधोमध मोजून 530 वर ठेवतो.