छिन्न मज्जातंतू : एका प्रश्नाचा इतिहास (१८५०–२०१७)

प्राण्याच्या शरीरातील मज्जातंतू कापला गेला असता त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न वरकरणी केवळ शरीरक्रियाशास्त्राचा वाटतो. तथापि गेल्या पावणेदोनशे वर्षांत मज्जासंस्थेविषयीच्या कित्येक मूलभूत कल्पना याच प्रश्नाच्या आधाराने उभ्या राहिल्या आणि काही ढासळल्याही. हाताच्या वा पायाच्या मज्जातंतूला झालेली इजा कालांतराने बऱ्याच अंशी भरून येऊ शकते. मज्जारज्जू पूर्णपणे तुटलेल्या मनुष्याच्या अवयवांत मात्र पुन्हा बळ येत नाही. प्राचीन इजिप्तमधील शस्त्रक्रियाविषयक पपायरसमध्येही मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाची नोंद उपचारापलीकडचा अशीच आहे. हा भेद का असावा, याचा शोध प्राणिप्रयोगांतून कसा लागत गेला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. या वाटचालीत निष्कर्ष टिकून राहिले आणि ज्या निरीक्षणांनी त्यांना छेद दिला असता ती निरीक्षणे विस्मरणात गेली, असे एकाहून अधिक वेळा घडलेले दिसते.

बेडकाची जीभ

आधुनिक अर्थाने या इतिहासाचा प्रारंभ १८५० साली होतो. लंडनच्या केन्सिंग्टन भागात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या ऑगस्टस वॉलर यांनी त्या वर्षी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवरील प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर आपल्याकडील प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांतून बेडकाचे विच्छेदन क्रमाक्रमाने हद्दपार झाले. त्यापूर्वीच्या पिढीतील अध्यापकांना बेडकाची जीभ जबड्याला पुढच्या बाजूने जोडलेली असते, हे स्मरत असेल. ही जीभ बाहेर ओढून पसरता येते आणि ती इतकी पातळ असते की सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातील तंतू जिवंतपणीच न्याहाळता येतात. वॉलर यांनी तंतू कापून पुढील दिवसांत होणारे बदल नोंदवले. छेदाच्या मुळाकडचा, म्हणजे मेंदूशी जोडलेला भाग शाबूत राहिला. टोकाकडच्या भागाचे आवरण मात्र काही दिवसांत गोठल्यासारखे होऊन त्याचे तुकडे पडले. पुढे १८५२ च्या सुमारास त्यांनी मज्जारज्जूच्या मुळांवर प्रयोग केले. तंतू गुच्छिकेशी जोडलेला राहिला तर टिकतो आणि तिच्यापासून तुटला तर नष्ट होतो, असे त्यांना दिसले. त्यावरून गुच्छिका हे तंतूचे ‘पोषणकेंद्र’ आहे, हे अनुमान त्यांनी काढले.

अनुमान तर्कशुद्ध होते. परंतु ‘पोषण’ या शब्दाने एक चित्र रूढ केले : मुळापासून तोडलेली फांदी जशी वाळते, तसा तोडलेला तंतू उपासमारीने मरतो. तंतूच्या मृत्यूचे आणखी काही कारण असू शकेल, हा विचार पुढील सुमारे एकशेचाळीस वर्षे फारसा कोणी केला नाही.

काहाल आणि तेयो

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या प्रश्नाला अनपेक्षित महत्त्व प्राप्त झाले. मज्जासंस्था हे एकसंध जाळे आहे, हा कामिल्लो गोल्जी यांचा जालवाद आणि ती स्वतंत्र पेशींची बनलेली आहे, हा सांतियागो रामोन इ काहाल यांचा सिद्धांत यांच्यातील वाद सर्वश्रुत आहे. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, तरी गोल्जी यांनी आपल्या पारितोषिक-व्याख्यानातही प्रतिपक्षावर टीका करणे सोडले नाही. या वादात कापलेल्या तंतूची साक्ष निर्णायक ठरणार होती. तुटलेला टोकाकडचा भाग मुळाची मदत न घेता स्वतःहून पुन्हा घडतो, असे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट बेटे यांचे प्रतिपादन होते. ते खरे ठरते, तर प्रत्येक तंतू एकाच पेशीची वाढ असतो, हा काहाल यांचा मुख्य आधारच निखळला असता.

काहाल यांची बाजू प्रथम भ्रूणाच्या अभ्यासातून भक्कम झाली होती. प्रौढ प्राण्याच्या ऊतीत तंतूंचा गुंता इतका दाट असतो की त्यातून एकेक तंतू वेगळा काढता येत नाही. म्हणून त्यांनी कोंबडीच्या भ्रूणाकडे मोर्चा वळवला आणि १८९० मध्ये वाढत्या तंतूच्या टोकाशी असणारा ‘वृद्धिशंकू’ वर्णिला. १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील मज्जानलिकेचा तुकडा लसिकेच्या थेंबात जिवंत ठेवून त्यातून तंतू प्रत्यक्ष बाहेर पडताना पाहिला. ऊतिसंवर्धनाच्या तंत्राचा उगम याच प्रयोगात आहे. जखमेनंतरची वाढही भ्रूणातील वाढीसारखीच मुळाकडून टोकाकडे होते, हे काहाल यांनी चंदेरी रंजनाच्या साहाय्याने दाखवले. पावियातील गोल्जी यांचेच शिष्य आल्दो पेरोंचितो यांनाही मुळाकडच्या भागातून काही तासांतच नवे अंकुर फुटताना दिसले, हा या वादातील एक मौजेचा योगायोग.

१९१३–१४ मध्ये काहाल यांचा मज्जासंस्थेच्या ऱ्हासावरील व पुनर्जननावरील द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा खर्च अर्जेंटिनात स्थायिक झालेल्या स्पॅनिश वैद्यांनी उचलला होता. मेंदू व मज्जारज्जू यांतील छिन्न तंतू अल्पकाळ अंकुरतात आणि मग त्यांची वाढ खुंटते, असे काहाल यांनी त्यात नोंदवले. प्रौढ मेंदूत पुनर्निर्मिती होत नाही, हे त्यांचे निराशाजनक विधान पुढील पाठ्यपुस्तकांतून वारंवार उद्धृत झाले. पण त्याच ग्रंथात त्यांचे शिष्य होर्खे फ्रान्सिस्को तेयो यांच्या १९११ च्या प्रयोगांची सविस्तर चर्चा आहे. तेयो यांनी सशाच्या पायातील मज्जातंतूचा तुकडा त्याच्या मेंदूच्या बाह्यकात रोवला, तेव्हा मेंदूतील तंतू या कलमात शिरून वाढू लागल्याचे त्यांना दिसले. असमर्थता पेशीची नसून परिसराची असावी, हे सुचवणारा पुरावा काहाल यांच्या हाताशी होता आणि त्यांनी तो लपवलाही नाही. वाचकांनी मात्र ग्रंथाचा अर्धा भागच लक्षात ठेवला.

याचा सगळा दोष वाचकांना देणे न्याय्य होणार नाही. चंदेरी रंजनाने कलमातील सर्वच तंतू काळे दिसतात; ते बाह्यकातील पेशींचे की रक्तवाहिन्यांसोबत आलेल्या परिघीय तंतूंचे, हे त्यावरून ठरवता येत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डचे शरीररचनाशास्त्रज्ञ विल्फ्रिड ल ग्रो क्लार्क यांनी तेयो यांचा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मध्यवर्ती तंतूंच्या वाढीचा खात्रीलायक पुरावा त्यांना मिळाला नाही. पुढे १९५३ मध्ये ‘पिल्टडाउन मानवा’चे बनावट अवशेष उघडकीस आणणाऱ्यांमध्ये हेच ल ग्रो क्लार्क होते. त्यांच्या नकारार्थी निष्कर्षाचे वजन अर्थातच मोठे होते.

मॉन्ट्रियलचे कलम

हा प्रश्न पुन्हा उघडण्यास नवी कल्पना नव्हे, तर नवे तंत्र कारणीभूत ठरले. तंतूच्या टोकाशी ठेवलेले पेरॉक्सिडेज विकर तंतूतून उलट्या दिशेने वाहत जाऊन मूळ पेशीत साठते, याचा उपयोग १९७० च्या दशकात होऊ लागला. तंतू कोणत्या पेशीचा, हे आता निःसंशय सांगता येऊ लागले. मॉन्ट्रियल येथे आल्बर्ट आग्वायो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० व १९८१ मध्ये तेयो यांची जुनी कल्पना उंदरांवर पडताळली. १९८१ च्या प्रयोगात पायातील मज्जातंतूचे कलम मेंदूचा तळभाग आणि मज्जारज्जू यांच्यामध्ये पुलाप्रमाणे बसवण्यात आले. मेंदूतील व मज्जारज्जूतील पेशींचे तंतू या कलमातून सुमारे ३ सेंटिमीटर वाढले. दुसऱ्या टोकाशी मज्जारज्जूत परत शिरताच मात्र त्यांची वाढ दोनएक मिलिमीटरांत थांबली. तेच तंतू एका परिसरात वाढतात आणि दुसऱ्यात थबकतात, हे याहून स्पष्टपणे दाखवणे कठीण होते.

मध्यवर्ती आवरणात वाढ रोखणारे काही द्रव्य असावे, हा मार्टिन श्वाब यांचा तर्क यातूनच पुढे आला. त्या द्रव्यांपैकी ‘नोगो’ या प्रथिनाचे जनुक २००० साली तीन गटांनी एकाच वेळी जाहीर केले. २००३ मध्ये मात्र या जनुकाशिवाय वाढवलेल्या उंदरांविषयी तीन प्रयोगशाळांनी परस्परांशी न जुळणारे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच प्रथिनावर सारा दोष टाकणे सोपेपणाचे होते, असेच म्हणावे लागते.

न मरणारा तंतू

वॉलर यांच्या उपासमारीच्या चित्राला तडा गेला तो १९८९ मध्ये, तोही काहीसा अपघाताने. ऑक्सफर्ड येथील ह्यू पेरी आदी संशोधक जखमी मज्जातंतूत शिरणाऱ्या भक्षकपेशींचा अभ्यास करीत होते. उंदरांच्या एका विशिष्ट वाणात भक्षकपेशी फारशा आल्याच नाहीत. आणि जो टोकाकडचा भाग दोन दिवसांत निकामी व्हावयास हवा, तो दोन आठवडे संदेश वाहत राहिला. दोष भक्षकपेशींत असावा, अशी शंका प्रथम येणे स्वाभाविक होते. पण अस्थिमज्जा बदलून पाहिल्यावर हा गुण तंतूचाच असल्याचे १९९० मध्ये स्पष्ट झाले. पोषण तुटूनही तंतू जगतो, तर एरवी तो मरतो कशाने?

उत्तर तुकड्यातुकड्यांनी आले. २००१ मध्ये या उंदरांतील उत्परिवर्तित जनुकाची ओळख पटली. त्यात एनएडी हे पेशीतील अत्यावश्यक द्रव्य घडवणाऱ्या विकराचा भाग होता. त्याच जातीचे एक अल्पजीवी विकर पेशीकायेत तयार होऊन तंतूत सतत पाठवले जाते आणि छेदानंतर ते झपाट्याने संपते, हे मायकेल कोलमन यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले. २०१२ मध्ये मार्क फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी फळमाशीत व उंदरात सार्म-१ हे जनुक निकामी केले असता छिन्न तंतू दीर्घकाळ शाबूत राहतात, असे सिद्ध केले. सार्म-१ हे प्रथिन स्वतःच एनएडीचे विघटन करते, हे २०१७ मध्ये निष्पन्न झाले. म्हणजे छिन्न तंतू उपासमारीने झिजत नाही. त्याच्यात आधीपासून सज्ज असलेली यंत्रणा त्याला नष्ट करते. पेशीकाया तंतूला सतत काहीतरी पाठवत असते, हे वॉलर यांचे अनुमान खरे ठरले. फक्त ते ‘काहीतरी’ निव्वळ अन्न नसून संहाराला घातलेला लगामही आहे.

या शोधातून सहज सुचणारा उपाय, म्हणजे तंतूचा ऱ्हासच थांबवावा, हा मात्र निरपवाद नाही. या मंद-ऱ्हासाच्या उंदरांत पायातील संवेदी तंतूंचे पुनर्जनन विलंबाने होते, असे १९९० पासूनच्या प्रयोगांत आढळले. जुना तंतू व त्याचे आवरण हटल्याखेरीज नव्याला वाट मिळत नाही. परिघीय मज्जातंतूत हा राडारोडा श्वॉन पेशी आणि भक्षकपेशी काही आठवड्यांत दूर करतात. मज्जारज्जूत तो महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो.