पुण्यातील दंडनीती आणि अभिजात गुन्हेगारीशास्त्र

गुन्हेगारीशास्त्रातील अभिजात विचारधारा अठराव्या शतकात युरोपात उदयाला आली. मिलानच्या चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्ये गुन्हे आणि शिक्षा या विषयावर ग्रंथ लिहिला, तर इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथमने तो विचार पुढे नेला. माणूस सुखदुःखाचा हिशेब करून वागतो, हे या विचारधारेचे गृहीतक होते. त्यामुळे शिक्षेचा त्रास गुन्ह्यातून होणाऱ्या लाभाहून थोडा अधिक असला की पुरे. शिक्षा कायद्यात आधी लिहिलेली, गुन्ह्याच्या प्रमाणात आणि सर्वांना सारखी असावी. तिच्या कठोरपणापेक्षा ती लवकर आणि हमखास मिळण्याने धाक बसतो, असे बेक्कारियाचे मत होते. छळ करून कबुली घेण्याला आणि देहान्ताच्या शिक्षेला त्याचा विरोध होता.

याच काळात पुण्यात पेशव्यांचा अंमल होता. ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या राज्यातील दंडव्यवस्थेचे वर्णन केले आहे. शिक्षांची लिखित संहिता नव्हती. रूढी आणि अधिकाऱ्याची मर्जी यांवर बरेच अवलंबून असे. दरोडेखोर व बंडखोर यांना हातपाय तोडण्याची, हत्तीच्या पायी देण्याची शिक्षा होई. ब्राह्मणांना देहान्त न देता डोंगरी किल्ल्यांवर कैदेत ठेवत. म्हणजे शिक्षा ठरवताना कृत्याबरोबर करणाऱ्याची जातही पाहिली जाई.

दोन प्रसंगांतून या व्यवस्थेच्या मर्यादा दिसतात. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी नारायणरावांचे काका रघुनाथराव यांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले, पण सत्ताधाऱ्यावर तो निर्णय अमलात आला नाही आणि रामशास्त्रींनी पुणे सोडले. १७९१ मध्ये कोतवाल घाशीराम याच्या कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेले. तेव्हा प्रक्षुब्ध जमावाच्या हाती कोतवालाला सोपवण्यात आले आणि दगडांनी ठेचून त्याचा अंत झाला. पहिल्या प्रसंगी निवाडा होता, शिक्षा नव्हती. दुसऱ्या प्रसंगी शिक्षेची जागा जमावाच्या सूडाने घेतली.

१८१८ मध्ये पुणे कंपनी सरकारकडे गेले. गव्हर्नर झालेल्या एल्फिन्स्टनवर बेंथमच्या लेखनाचा प्रभाव होता. त्याच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्यासाठी १८२७ चे विनियम झाले. त्यांपैकी चौदाव्या विनियमात गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा लेखी नमूद झाल्या. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये तयार केलेल्या मसुद्यातून पुढे भारतीय दंड संहिता आली. ती १८६० मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. बहुतेक गुन्ह्यांसाठी तिने शिक्षेची कमाल मर्यादा ठरवली, आणि त्या मर्यादेत न्यायाधीशाला परिस्थिती पाहण्याची मुभा ठेवली. सात वर्षांखालील मूल व वेडाच्या भरात कृत्य करणारा यांना तिने दोषमुक्त मानले. ही नवअभिजात दुरुस्ती होती, कारण प्रत्येक माणूस सारख्याच विवेकाने वागत नाही हे तिला मान्य होते.

वसाहती सरकारने मात्र शिक्षा कृत्यानुसार असावी हे तत्त्व सर्वत्र पाळले नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून संपूर्ण जमातींना गुन्हेगार ठरवले, आणि १९११ च्या कायद्यानंतर त्याचा अंमल मुंबई इलाख्यातही झाला. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींना हजेरी आणि वसाहतींची सक्ती सोसावी लागली. शिक्षा कृत्याला, व्यक्तीच्या जन्माला नव्हे, हा अभिजात विचाराचा गाभाच येथे मोडला गेला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली असून, किरकोळ गुन्ह्यांसाठी तिच्यात सामुदायिक सेवेची शिक्षाही समाविष्ट आहे.