मॉडिफाइड कारच्या एक्झॉस्टचा घुमणारा आवाज कसा कमी करायचा?

आफ्टरमार्केट एक्झॉस्ट बसवलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये जास्त डोकं उठवतो तो ‘ड्रोन’. उडणारा नव्हे, हायवेवर ठरावीक आरपीएमला केबिनभर घुमणारा आवाज. आधी जॉइंट आणि गॅस्केटमधून गळती नाही ना, ते बघा. मग मोबाइलवर स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर अ‍ॅप टाकून त्या आवाजाची फ्रिक्वेन्सी मोजा (मोबाइल शेजारी बसलेल्याच्या हातात!). चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाची ३००० आरपीएमला ती साधारण १०० हर्ट्झ येते, कारण प्रत्येक फेरीत दोन सिलिंडर पेटतात.

यावर उपाय जे-पाइप, म्हणजे मेन पाइपला वेल्ड केलेली, दुसरं टोक बंद असलेली नळी. आत गेलेली ध्वनिलहर बंद टोकावरून परत येते आणि मूळ लहरीला खोडून काढते. नळीची लांबी तरंगलांबीच्या पाव हवी. ३०० अंश सेल्सिअसच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर, म्हणजे १०० हर्ट्झसाठी १.२ मीटर नळी. मुख्य वाट मोकळीच राहते, त्यामुळे पॉवर जवळपास तेवढीच.

बाहेरचा एकूण आवाज मात्र यानं फारसा उतरत नाही. त्याला मोठा मफलरच लागतो, आणि काढून टाकलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही परत बसवावा लागतो. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार ध्वनिप्रदूषणाचे नियम मोडले, तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं.