एकाच खोलीतले हसू

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे टीव्हीचा संच चाळीत एखाद्याच बिऱ्हाडी असे. संच महाग आणि वर पोस्टात परवान्याची फी भरावी लागे. त्यामुळे ज्याच्याकडे संच, त्याची खोली संध्याकाळी सगळ्या चाळीची होई. आमच्या काही बुजुर्गांना तो ‘सैतानाचा डबा’ वाटे. मगरिबची नमाज आधी की कार्यक्रम आधी, यावरून घरोघर कुरबुरी होत. पण सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चि. वि. जोशींचे चिमणराव पडद्यावर आले आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे या जोडीने ही कुरबूर जवळपास मिटवली. सदाशिवपेठी चिमणरावाची फजिती पाहून कोकणातली आमची आजीही पदर तोंडाला लावून हसायची. तबस्सुम यांच्या ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’मधले किस्से दुसऱ्या दिवशी नळावर पुन्हा सांगितले जात.

१९८४ साली ‘ये जो है जिंदगी’ आली. लेखन शरद जोशी यांचे, दिग्दर्शकांत कुंदन शाह. नवराबायकोची लुटूपुटूची भांडणे, घरात मुक्काम ठोकून बसलेला मेहुणा आणि दर भागात नव्या सोंगात येणारे सतीश शाह, एवढेच तिचे भांडवल. त्यातला रंजित वर्मा हा नवरा साकारला होता शफी इनामदार यांनी. हा गृहस्थ दापोली तालुक्यातल्या पांगारीचा, म्हणजे आपल्याच कोकणी मुसलमानांतला. त्यांचे शिक्षण गावी आणि नंतर मुंबईत डोंगरी-उमरखाडीला झाले. हिंदी, गुजराती, मराठी रंगभूमीवर त्यांनी उमेदवारी केली, इस्मत चुगताईंचे ‘नीला कमरा’ दिग्दर्शित केले, १९८२ मध्ये स्वतःची नाट्यसंस्था काढली. मराठी रंगभूमीवरच्या ‘फुलराणी’, भक्ती बर्वे, या त्यांच्या पत्नी.

दापोलीच्या मुसलमानाने वर्मा व्हावे, यात तेव्हा कुणाला नवल वाटले नाही. दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, ‘नुक्कड’ आली. तिच्यातला हॉटेलवाला कादरभाई अवतार गिल यांनी रंगवला. त्यातही कुणाला वावगे दिसले नाही. प्रेक्षक माणूस पाहत होता. मात्र एक गोष्ट आम्ही नमूद केलीच पाहिजे. त्या काळच्या विनोदी मालिकांत मुसलमान दिसे तो बहुधा कोपऱ्यावरचा हॉटेलवाला म्हणून. ज्याच्या घरात सासू रुसते, पगार पुरत नाही, मेहुणा जात नाही असे मुसलमान कुटुंब विनोदाच्या मध्यभागी क्वचितच आले. आम्ही वर्मांच्या घरात आमचे घर पाहिले. शेजाऱ्यांना मात्र आमच्या घरात त्यांचे घर पाहायची संधी पडद्याने फारशी दिली नाही. ते काम चाळीनेच केले. टीव्ही पाहायला आलेली पोरे आमच्याकडे शिरखुर्मा खाऊन जात, आणि आमची पोरे त्यांच्याकडून फराळ बांधून आणत.

हे एकत्र पाहणे संपले कसे, असे विचारले की सगळे केबलकडे बोट दाखवतात. ते खोटे नाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला, वाहिन्या वाढत गेल्या आणि संच घरोघर आले. पण आमच्यासाठी तो हिवाळा दुसऱ्या कारणानेही लक्षात राहिला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. त्यानंतर कितीतरी मुसलमान कुटुंबे मिश्र वस्ती सोडून मुंब्र्याला, मीरा रोडला गेली. इतरांनीही आमच्या मोहल्ल्यांतून बिऱ्हाडे हलवली. नव्या घरात संच स्वतःचा होता, रंगीत होता. त्याच्यापुढे बसणारे मात्र फक्त घरचे होते. शेजारी वाहिनी बदलल्याने गेला नाही, तो पत्ता बदलल्याने गेला.

१३ मार्च १९९६ रोजी विश्वचषकाचा भारत-श्रीलंका उपान्त्य सामना होता. देश टीव्हीपुढे खिळलेला असताना त्याच दिवशी शफी इनामदार हृदयविकाराने गेले. वय अवघे पन्नास. २०२५ मध्ये बाळ कर्वे गेले, सतीश शाहही गेले. जुने भाग आज मोबाइलवर सापडतात, आमची नातवंडे कानात बोंडे घालून ते एकेकटी पाहतात आणि हसतातही. विनोद अजून शिळा झालेला नाही.

त्या काळाचे गोडवे गाताना आम्ही एवढेच ध्यानात ठेवावे की ती एकी सद्गुणापेक्षा टंचाईतून आली होती. संच एक, वाहिनी एक, म्हणून खोलीही एक. टंचाई परत यावी असे कुणी म्हणणार नाही. पण टंचाईने जे फुकट दिले, ते आता ठरवून मिळवावे लागेल. येत्या ईदला जुन्या चाळीतल्या एखाद्या शेजाऱ्याला सहकुटुंब घरी बोलवावे, रंजित वर्माचा एक भाग लावावा, आणि पोरांना सांगावे की हा वर्मा आपल्या दापोलीचा.