एक पाटा जास्तीचा

उभ्या असलेल्या कुठल्याही जुन्या मालट्रकच्या मागच्या चाकाच्या आत डोकावून पाहा. एकाखाली एक रचलेल्या, धनुष्यासारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या दिसतील. गॅरेजच्या भाषेत हे ‘पाटे’. सगळ्यात लांब तो मेन पाटा, बाकीचे क्रमाने आखूड. मधोमध सेंटर बोल्ट, आणि सगळा गठ्ठा ॲक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट. कुठल्या गाडीला किती पाटे द्यायचे हे कंपनीने हिशेब करून ठरवलेलं असतं. पण मोजायला बसलात तर अनेक गाड्यांमध्ये एखाददुसरा जास्तीचा निघतो. तो बाजारातून आणून बसवलेला असतो. आपल्या मालवाहतुकीचा बराचसा इतिहास या एका पाट्याभोवती सांगता येतो.

पाटा हा मुळात ट्रकचा नाहीच, तो घोडागाडीचा. १८०४ साली इंग्लंडमध्ये ओबेडाया इलियट याने लंबगोल पाट्यांवर गाडी तोलण्याचं पेटंट घेतलं. एकच जाड पट्टी न वापरता अनेक पातळ पट्ट्या वापरण्यामागे साधं गणित आहे: पट्टीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो. ताठ पट्टी धक्का झेलत नाही, पुढे ढकलते. पातळ पट्ट्या वाकतात, एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यात हिसका विरतो. पुढे बहुतेक मोटारी गुंडाळीच्या स्प्रिंगकडे गेल्या, ट्रकने मात्र पाटे सोडले नाहीत. स्वस्त, दणकट, आणि दुसरं म्हणजे पाटे नुसते धक्के झेलत नाहीत, ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतात. म्हणूनच मेन पाटा तुटला की ॲक्सल तिरका होऊ शकतो आणि भरधाव गाडी एका बाजूला ओढली जाते.

आपल्याकडे १९४८ मध्ये अशोक मोटर्स सुरू झाली, तिचीच पुढे अशोक लेलँड झाली. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून ट्रक बाहेर पडू लागले. १९६६ पासून पिंपरीचा कारखाना उभा राहिला, १९६९ मध्ये जर्मन करार संपला. या गाड्या वर्षानुवर्षं, मालक बदलत धावत राहिल्या. एवढं आयुष्य म्हणजे सुट्या भागांना कायमचं गिऱ्हाईक. ट्रान्सपोर्ट नगरं वसली तशी त्यांच्या कडेला स्पेअर पार्टची दुकानं आणि पाटेवाले मिस्त्रीही बसले. पाट्याची नक्कल करणं सोपं वाटतं: लांबी, रुंदी, जाडी आणि बाक जुळला की झालं.

पण पाट्याचा जीव आकारात नसतो, उष्णतेच्या प्रक्रियेत असतो. सिलिकॉन किंवा क्रोमियमयुक्त स्प्रिंग-पोलाद तापवून लालबुंद करायचं, तेलात एकदम थंड करायचं, मग ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. नंतर पृष्ठभागावर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात, म्हणजे तडा सहजी सुरू होत नाही. यातली एक पायरी गाळली तरी पाटा दिसायला तसाच दिसतो. तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडला की त्या जागेची सगळी प्रक्रिया वाया जाते. मग तो लाखो हेलकाव्यांनंतर तुटायचा तो काही हजारांत तुटतो.

हे मालकाला कळत नाही असं नाही. पण भाडं बहुधा टनावर मिळतं आणि कर्जाचा हप्ता, टोल, चालकाचा पगार हे टनावर नसतात. पासिंगपेक्षा दोन टन जास्त भरले की त्या दोन टनांचं भाडं जवळपास निव्वळ नफा. परतीची गाडी रिकामी येणार असेल तर मोह आणखी वाढतो. वाळू असो, उसाच्या हंगामातला ऊस असो की लोखंड, गाडी मागून बसली की मिस्त्रीचा सल्ला ठरलेला: एक पाटा वाढवून घ्या.

खरी गडबड इथेच होते. पाटा वाढवल्यावर गाडी बसत नाही, म्हणजे दिसायला ठीक दिसते. पण ब्रेकचे ड्रम, टायर, हबचे बेअरिंग, ॲक्सल सगळं जुनंच. काही गाड्यांत मागच्या ब्रेकला वजनानुसार हवेचा दाब देणारा व्हॉल्व्ह असतो. वजन किती, हे तो चासी आणि ॲक्सल यांच्यातल्या अंतरावरून ओळखतो. ताठ पाट्यांमुळे ते अंतर कमी होत नाही, व्हॉल्व्हला गाडी हलकी वाटते आणि भरलेल्या गाडीला मागे ब्रेक कमी मिळतो. बोरघाटासारख्या उतारावर आधीच तापलेल्या ड्रमना हे परवडणारं नसतं. दुसऱ्या दिवशी बातमीत ‘ब्रेक निकामी’ एवढंच येतं आणि गुन्हा सहसा चालकावर नोंदवला जातो. पाटा वाढवायचा निर्णय बहुतेक वेळा त्याचा नसतो.

नुकसान रस्त्याचंही होतं. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून चाचण्या झाल्या. त्यातून आलेला ढोबळ नियम असा की ॲक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घातात रस्ता झिजतो. सव्वापट वजन म्हणजे सुमारे अडीचपट झीज.

कायदा कधीच नव्हता असं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वजनाची मर्यादा आहे, दंडही आहे. पण काही राज्यांनी आगाऊ पैसे घेऊन जादा वजनाची कार्डंच दिली. नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही, जादा माल उतरवलाच पाहिजे, असं स्पष्ट केलं. जुलै २०१८ मध्ये केंद्राने मर्यादाच वाढवली: चार टायरच्या एका ॲक्सलवर १०.२ टनांऐवजी ११.५ टन. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत असा निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने जादा वजनाचा दंड २,००० वरून २०,००० रुपये झाला, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,०००. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. निकषात न बसणारा सुरक्षेचा भाग विकणाऱ्यालाही एक लाखाच्या दंडाची तरतूद आली, पण सरकारने अधिसूचित केलेल्या भागांपुरतीच.

या सगळ्यात वजनकाटा फक्त वजन पाहतो. रिकामी गाडी काट्यावरून निर्दोष सुटते, जास्तीच्या पाट्यासकट. तो पकडायचा तर फिटनेस तपासणीच्या वेळी कुणीतरी वाकून पाटे मोजायला हवेत आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहायला हवेत. त्याला यंत्र लागत नाही, पाच मिनिटं पुरतात. भरल्या गाडीत बसून घाट उतरणाऱ्या माणसासाठी तेवढी पाच मिनिटं काढली जावीत, ही मागणी काही फार मोठी नाही.