लेव्ही, मिलो आणि अंगठा

आजीच्या लहानपणी निलंगा बीदर जिल्ह्यात होतं आणि बीदर निजामाच्या राज्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेव्ही आली, तेव्हा सरकारी माणूस दारात यायचा तो धान्य न्यायला. आजीचे वडील पेवाचं तोंड शेणामातीनं लिंपून त्यावर कडबा रचायचे आणि लेकरांना दम भरायचे, "कुनी इचारलं तर पेव रिकामं हाय म्हनायचं." पुढं महिनाभर कुबट वासाची भाकर खावी लागायची. पण ज्वारी घरची होती, हे आजी दर वेळी सांगायची.

1972 च्या दुष्काळात घरची ज्वारी उरलीच नाही. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. कामावर सुकडी मिळायची. ती पदरात बांधून लेकरांसाठी घरी यायची. कंट्रोलच्या दुकानात परदेशातून आलेला तांबडा मिलो आला. "तव्यावरच तडकायची भाकर. पान्यात भिजवून गिळायची," आजी सांगे. मिलोला नावं ठेवली, की मात्र आजी चिडायची. "सरकारनं जगिवलं बाबा. न्हाईतर तुझा बाप कुठला?" त्या कामांतूनच पुढं रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. म्हणजे आजीच्या पिढीनं खडी फोडून पोट भरलं, आणि राज्याला एक कायदाही दिला.

आज मिलो नाही. यंत्रावर अंगठा ठेवला, की गहू-तांदूळ मिळतात, आणि 2023 पासून फुकट. भूकबळी टळतात, ही लहान गोष्ट नाही. पण पोट किती भरतं ते पाहू. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो मिळतात. 2011-12 च्या सरकारी पाहणीत खेड्यातला माणूस महिन्याला सुमारे 11 किलो धान्य खात होता. त्या हिशेबानं निम्मा महिनाही निघत नाही. अंत्योदयला कार्डामागे 35 किलो. घरात खाणारी नऊ तोंडं असली तरी तेवढेच. नवी सून आली, लेकरू झालं, तर नाव चढायला इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांचा ठरलेला कोटा, शिल्लक लागतो, आणि तो ठरला 2011 च्या जनगणनेवर. ग्रामीण कुटुंबाची उत्पन्नमर्यादा ठरली वर्षाला 44,000 रुपये, म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला 120 च्या आसपास. सोयाबीनच्या सुगीत नवरा-बायको दोघं रोजानं गेली, तर कागदावर ती श्रीमंतच ठरायची. केशरी कार्डाच्या शेतकऱ्याला आमच्या भागात 2023 पासून धान्याऐवजी रोख मिळू लागली, आधी माणशी महिना 150, मग 170. त्यात किलोभर तूरडाळ येते, फार तर थोडी वर.

आणि डाळीचंच तर खरं दुखणं आहे. लातूरची बाजारपेठ तुरीची, डाळमिलांची. तिथून डाळ देशभर जाते. रेशनवर मात्र ती सठीसामाशी दिसते: 2018 मध्ये सरकारजवळ तूर साठली तेव्हा दिली, टाळेबंदीत काही महिने कार्डामागे किलोभर डाळ आली, 2022 च्या दिवाळीत 100 रुपयांच्या ‘आनंदाच्या शिध्या’त चणाडाळ होती. सण सरला, की ताटात पुन्हा भात आणि पाणीदार आमटी. ज्वारी खाणाऱ्या मुलखाला गहू-तांदूळ देऊन वर लेकरांच्या कुपोषणाची चिंता करणं, हे मला तरी पटत नाही. तांदूळ फिरत्या टेम्पोवाल्याला विकून त्या पैशात तेल आणणाऱ्या बाईला आपण लबाड म्हणतो. तिला तेलही लागतं, इतकं साधं ते आहे.

मागणी मोठी नाही. हमीभावानं मराठवाड्यातली ज्वारी आणि तूर इथंच खरेदी करून इथल्याच दुकानांतून दर महिन्याला द्यावी. भरडधान्याची तरतूद 2013 च्या कायद्यात आहेच. डाळीची आणि तेलाची करावी लागेल, आणि इष्टांक आजच्या माणसांवर ठरवावा लागेल.