फाउलहॉर्नची चढण

व्यायामशाळेत जायला लागून महिना होत नाही तोच नववी-दहावीतला मुलगा विचारतो, "सर, प्रोटीनचा डबा घेऊ का?" स्नायू प्रथिनांचे बनलेले असतात, वजन उचलताना ते जळतात, म्हणून प्रथिने भरपूर खायची, असा त्याचा तर्क असतो. त्याला हसू नये. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८४२ साली जवळजवळ हेच मांडले होते.

हा तर्क तपासायचा कसा? शरीरात प्रथिनांचे विघटन झाले की त्यांतला नायट्रोजन मुख्यतः युरियाच्या रूपाने लघवीतून बाहेर पडतो. तो मोजला की किती प्रथिने खर्च झाली ते कळते.

३० ऑगस्ट १८६५ रोजी झुरिचचे दोन प्राध्यापक, फिक आणि विस्लिसेनुस, स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न शिखर चढले. पायथ्याच्या सरोवरापासून ही चढण १९५६ मीटर उंचीची होती. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिनयुक्त अन्न वर्ज्य केले होते. चरबीत तळलेल्या स्टार्चच्या वड्या आणि साखरेचा चहा, हा मुख्य आहार. लघवी जपून गोळा केली. तिच्यातील नायट्रोजनवरून प्रत्येकाची सुमारे ३७ ग्रॅम प्रथिने खर्च झाल्याचे दिसले.

आता गणित करू. फिक यांचे वजन ६६ किलो. ते १९५६ मीटर उचलायला सुमारे ३०० किलोकॅलरी लागतात. ३७ ग्रॅम प्रथिनांपासून किती ऊर्जा मिळते? फ्रँकलंड यांनी १८६६ साली केलेल्या मोजमापांनुसार सुमारे १६०! शिवाय स्नायूंतली बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणजे खरी गरज कितीतरी जास्त. उरलेले इंधन अर्थातच स्टार्च आणि चरबीचे होते.

गंमत म्हणजे त्याच १८६५ साली लंडनमध्ये लीबिग यांच्या नावाने मांसाचा अर्क विकणारी कंपनी निघाली. अर्कात प्रथिने फारशी उतरत नव्हती, तरी तो खूप खपला.

मग प्रथिने नकोत का? हवीतच, पण बांधणीसाठी. नियमित वजने उचलणाऱ्या ५० किलोच्या मुलाला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम पुरतात. १०० ग्रॅम कच्च्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम, तेवढ्याच शेंगदाण्यांत २५, एका अंड्यात ६ आणि पेलाभर दुधातही साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात. भाकरी-भातातूनही थोडी मिळतात. काही मुले डब्यासाठी घरखर्चाला कात्री लावायला सांगतात आणि स्वतः भाकरी-भात कमी करतात. अशा वेळी शरीर ती महागडी प्रथिने इंधन म्हणून जाळते! काही डब्यांत तर लेबलावर न छापलेली स्टेरॉइडेही सापडली आहेत.

स्नायू वाढण्याची सुरुवात व्यायामाने होते. हलके वजन, जाणत्याच्या नजरेखाली बरोबर पद्धत, हळूहळू वाढवलेला भार, पोटभर जेवण आणि पुरेशी झोप, एवढे नवशिक्याला पुरते. पुढच्या वेळी कोणी डब्याविषयी विचारले, तर फिक यांचे गणित त्यालाच फळ्यावर सोडवायला द्यावे.